अर्ध्या तिकिटात अर्धे राक्षस

राक्षस बघायला लोक कुठं जातात मला माहीत नाही. मी परभणीच्या स्टँडवरून सकाळी सातच्या एसटीनं गंगाखेडला गेले. बायकांना अर्धं तिकीट, आणि बघायचे होते तेही अर्धेच राक्षस. तक्रारीला जागाच नव्हती.

एरवी या ब्लॉगवर मी देवळं आणि धपाटे यांच्यावर लिहिते. यावेळचं कारण घरगुती आहे. माझ्या मुलीला, केतकीला, तिच्या कॉलेजातला विष्णू पसंत आहे. मुलगा नोकरीत, निर्व्यसनी, पत्रिकासुद्धा जुळलेली. मेल्यानं नाही म्हणायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. पण आमच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, खबरा काढण्यात तरबेज. त्यांचा फोन आला, "अगं, त्या घराण्याची मूळ बाई राक्षशीण होती म्हणतात! अर्धी माणसं आणि अर्धे राक्षस आहेत ते. सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे." मी एम.ए. झालेली बाई. अर्थातच हसले, आणि अर्थातच लग्नाला नाही म्हणाले.

त्यानंतर चार महिने केतकी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. "गॅस संपलाय", "कुरिअर आलंय", बस. मग एक दिवस म्हणाली, "एकदा त्यांचं घर बघून ये. परत येऊनही नाहीच म्हणालीस तर मी हा विषय कायमचा सोडते." ज्या आवाजात म्हणाली त्यावरून कळलं, विषयाबरोबर आईलाही सोडणार. म्हणून निघालो दोघी, जानेवारीतल्या एका रविवारी. विष्णूला त्या दिवशी घरी थांबू नको म्हणून आधीच बजावलं होतं. राक्षस कसे नैसर्गिक अवस्थेत बघावेत.

जाणाऱ्यांसाठी माहिती: खिडकीची जागा मिळाली तर काच बंद होत नाही आणि काच बंद होणारी जागा मिळत नाही. स्वेटर न्या. गंगाखेडच्या अलीकडे गोदावरी लागते, पुलावर सगळी गाडी हात जोडते, मीही जोडले. स्टँडसमोर गरम धपाटे आणि दही मिळालं, चाळीस रुपयांत दोघींचं भागलं. पुढं राणीसावरगावला काळी-पिवळी जीप जाते. ती भरली की सुटते, आणि ती भरली हे फक्त ड्रायव्हरला कळतं. आमच्या बाकावर चौघांच्या जागेत सहा जण आणि एक कोंबडी होती. बाहेर कापणीला आलेली तूर, कमरेच्या वर गेलेली ज्वारी आणि लांब बालाघाटाचे डोंगर. छान होतं, उगाच कशाला खोटं बोलू.

राणीसावरगावात चहा घेताना टपरीवाल्यानं विचारलं, "कुठं जायलाव, ताई?"

मी पुढच्या गावाचं आणि विष्णूच्या वडिलांचं नाव सांगितलं. (इथं देत नाही, उद्या तुम्ही सगळे शिंगं मोजायला जाल.)

"राकसाच्या घरी व्हय? जावा की. लय चांगली माणसं हायत. लोक पोरगी द्यायला भितेत, पर दिलेली एक बी माघारी आली न्हाई."

"खाल्ली असेल," मी म्हटलं.

केतकीनं चहा अर्धाच ठेवला आणि उठून रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

राक्षसांचं घर म्हणजे चार खोल्यांचा स्लॅब, दारात मोटारसायकल, वर पाण्याची काळी टाकी. विष्णूचे वडील अप्पा अंगानं माझ्या निम्मे असतील. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, टॉवेल दिला, आणि "प्रवासात तरास झाला का?" असं तीनदा विचारलं. सुळे दिसतात का म्हणून मी नीट बघितलं. पुढचे दोन दातच नव्हते. विष्णूची आई वत्सलाबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. चुलीच्या बाजूला मागचं दार होतं, त्याला मनगटाएवढी लोखंडी कडी. पुढच्या दाराला मात्र साधी बोटभर कडी. उलटं कसं काय, असं मनात आलं खरं, पण तेवढ्यात ताटं मांडली गेली.

पिठलं, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, तव्यावरची भाकरी. केतकी घरी चार महिने चिमणीसारखं टिपत होती. इथं तिनं तिसऱ्या भाकरीला हात घातला. मला तिचा राग आला की त्या भाकरीचा, देव जाणे. तिच्या लहानपणापासून माझ्या तोंडात बसलेलं निघून गेलं, "अगं राक्षशिणी, जरा लाज बाळग! पाहुण्यांच्या घरी आलीयेस!"

अप्पांचा घास हातातच राहिला. वत्सलाबाईंनी तवा खाली उतरवला, उठल्या, आणि मागच्या दाराची ती कडी खाडकन लावली. मला वाटलं, संपलं, आता आपल्यालाच खाणार.

"ताई, राग मानू नका," त्या म्हणाल्या, "आमच्यात रीत हाय. आमच्या मूळ पुरुषानं डोंगरातली बायको केली. दहा गड्यांचं काम करायची, दहा गड्यांचं खायची. ती म्हणली होती, मी कोण हाय ते मला ठावं हाय, तुमी तोंडावर म्हणू नका. एक दिवस तिनं भाकरी जास्त घेतली आन् सासूनं ते म्हणलं. तिनं तान्हं लेकरू खाली ठिवलं आन् मागच्या दारानं गेली. त्या लेकराचे आमी. तवापासून ह्या घरात बाईला तसला शब्द गेला की आधी दार लावायचं. ज्यानं म्हणलं त्यानं आपल्या हातानं भाकरी वाढायची आन् म्हणायचं, चुकलं, जाऊ नको. तवर कुणी जेवत न्हाई."

"अहो, पण ही माझीच मुलगी आहे!"

"मग तर जल्दी करा," अप्पा म्हणाले. "भाकरी गार व्हायल्यात."

मी भाकरी घेतली, तिच्या ताटात टाकली आणि हसत म्हटलं, "बरं बाई, चुकलं."

"तसं न्हाई, ताई," वत्सलाबाई म्हणाल्या. "तिच्या तोंडाकडं बघून."

मी बघितलं. किती दिवसांनी बघितलं असेन! डोळ्यांखाली काळं झालं होतं पोरीच्या. मी भाकरी उचलून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "चुकलं, जाऊ नको." केतकी रडत रडत ती भाकरी खायला लागली. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या ताटातली दुसरी भाकरी बघून सासूबाईंनी हाच शब्द वापरला होता. कुणी जेवायचं थांबलं नव्हतं. मीच उठून गेले होते, आणि भाजी वाढायची राहिली म्हणून मला परत बोलावलं होतं.

परतीची काळी-पिवळी लवकर भरली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून केतकी गंगाखेडपर्यंत झोपली. बांधून दिलेला हुरडा पायाशी होता. वन्संचा फोन आला, "दिसले का गं राक्षस?" म्हटलं, "दिसले. मुलगी देतोय आम्ही. वैशाखात या जेवायला." त्यांनी फोन ठेवला. सहलीतला हाही एक फायदा.

या वाटेला जाणाऱ्यांनी भाकरी मोजून खाऊ नये, कुणी मोजत नाही.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, त्याला मागचं दार कुठलं! मी बाजारातून जाडजूड लोखंडी कडी आणली आणि गॅलरीच्या दाराला बसवा म्हणाले. आमचे हे हसायलाच लागले, "अगं, इथून कोण निघून जाणार?"

"तुमच्या आई बोलल्या की मी इथंच येऊन उभी राहायचे," मी म्हटलं. "खाली बघत."

 ते उठले, पाना-पेचकस शोधून आणला, आणि स्वतःच कडी बसवायला लागले.