काचेला चिकटलेला चेहरा

आमच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी वडिलांच्या पलटणीचा एक फोटो होता. खुर्च्यांवर साहेब लोक, पुढे मांडी घालून बसलेले जवान, मागे उभे राहिलेले जवान. उभ्या रांगेत डावीकडून तिसरे माझे वडील. एकाहत्तरच्या लढाईत ते गेले तेव्हा मी पाळण्यात होते. त्यांचा दुसरा फोटो नव्हता. लग्नात फोटो काढायची ऐपत नव्हती आणि पेन्शनच्या कागदावर होता तो एकट्या आईचा. त्यामुळे वडील म्हणजे मला तो नखाएवढा चेहरा, टोपीखालचे दोन ठिपक्यांसारखे डोळे आणि मिशी. आई दर रविवारी त्या फोटोला हार घालायची.

नव्वदच्या दशकात मी द्वारका चौकाजवळच्या एका स्टुडिओत कामाला लागले. आधी पेन्सिलीने निगेटिव्ह रिटच करायचे, पुढे कॉम्प्युटर आला आणि फाटके, डागाळलेले जुने फोटो दुरुस्त करणं हेच माझं काम झालं. देवळाली कॅम्प जवळ, त्यामुळे फौजी घरांतले फोटो फार यायचे. दुरुस्त करून झाला की लोक हमखास विचारायचे, "ताई, हा कधीचा असेल हो?" मग कागद, टोपीची ठेवण, छातीवरच्या पदकांच्या पट्ट्या बघून मी अंदाज सांगायचे. बघून बघून मला ते चांगलं जमायला लागलं होतं. घरच्या फोटोकडे मात्र त्या नजरेने मी कधी पाहिलं नव्हतं. तो वर टांगलेला असायचा, हाराआड.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचं पाणी आमच्या भिंतीत उतरलं. रंगाचे पापुद्रे सुटले, आणि एक दिवस फोटोच्या कोपऱ्यात मला काळी बुरशी दिसली. मी स्टूल घेतलं तशी आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"काढू नको तिथनं."

"अगं, बुरशी लागलीय. असाच ठेवला तर चेहराच जाईल."

"जाऊ दे. राहू दे तिथंच."

तिने स्टूल घट्ट धरून ठेवलं होतं. मला वाटलं, एकुलता एक फोटो, बिघडेल म्हणून घाबरतेय. तिचा हात धरून मी समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी फोटो स्टुडिओत नेला.

फ्रेम उघडली. ओल लागून फोटो काचेला चिकटला होता. अशा वेळी ओढला तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. आधी काचेवरूनच स्कॅन करून ठेवला, मग ट्रेमध्ये गार पाणी घेऊन काचेसकट आत सोडला. दुसऱ्यांचे फोटो मी असे कितीतरी सोडवले होते. त्या दिवशी मात्र ट्रेजवळून हलता येईना. कडेला फुगवटा आला की वाटायचं, गेला. पाण्यात एखादी काळी चिंधी तरंगली की वाटायचं, डोळा तर नाही? दुपारी कधीतरी फोटो काचेपासून सुटला. चेहरे शाबूत होते. मी खुर्चीत बसून घोटभर पाणी प्यायले.

मग तो ब्लॉटिंग पेपरवर पालथा घालून पुन्हा सुलटा केला, आणि खालची पट्टी दिसली. फ्रेम करणाऱ्याने काचेला आतून चारी बाजूंनी कागद चिकटवला होता, त्याखाली ती झाकली गेली होती. मांडी घालून बसलेल्या जवानांच्या पुढ्यात जमिनीवर एक काळी पाटी ठेवलेली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात कंपनीचं अक्षर आणि खाली साल होतं, १९७३.

मी भिंग आणलं. तिनाचा शून्य होतोय का, एक होतोय का, तिरकं धरून, उजेडात नेऊन बघितलं. तीनच होता. मग भिंग वर नेलं. डावीकडून तिसऱ्याच्या छातीवर पट्ट्या होत्या. आजूबाजूच्यांच्याही छातीवर तशाच होत्या. त्या लढाईत लढून परत आलेल्यांना नंतर मिळालेल्या या पट्ट्या मी दुसऱ्यांच्या फोटोंत ओळखून दाखवल्या होत्या.

मी भिंग खाली ठेवलं. हे वडील असतील, तर ते गेल्याची तार आल्यानंतर दोन वर्षं ते जिवंत होते, छाती काढून फोटोला उभे होते आणि आमच्याकडे आले नाहीत. आणि हे वडील नसतील, तर आम्ही इतकी वर्षं कुणाच्या पाया पडत होतो? दोन्हींतलं काय खरं असावं, हेही मला ठरवता येईना.

घरी गेले आणि फोटो वाळतोय असं सांगितलं. पुढचे काही दिवस तेच सांगत राहिले. जेवताना आईकडे बघवेना. शेवटी एका सकाळी आईच स्टुडिओत आली. ती तिथे कधीच येत नसे. टेबलावर उघडा पडलेला फोटो तिने पाहिला. जवळ गेली नाही.

"चेहरा राहिला ना?"

"राहिला."

"मग तुझं तोंड असं का झालंय?"

मी तिला पाटी दाखवली. तिला आकडे वाचता येत होते. तिने साल वाचलं. मग स्टुलावर बसली.

"मला ठाऊक होतं, कधीतरी कुणीतरी येऊन सांगंल," ती म्हणाली, "का हा तो नाय."

तिने सांगितलं ते असं. लग्नानंतर ती वडिलांना दोनच सुट्ट्यांत भेटली होती. घर भरलेलं, वर मान करून नवऱ्याकडे बघायची सोय नव्हती. ते गेल्यानंतर एकदा चांदवडकडचा एक फौजी आमच्या गावी, घोटीजवळ, आला. आई दाराआड पदर ओढून उभी होती. तिला त्याचे बूट तेवढे दिसले. फ्रेम केलेला फोटो आजोबांच्या हातात देऊन तो दुपारच्या गाडीने निघून गेला. आजी आधीच वारली होती आणि आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी फोटो आईपुढे धरला आणि विचारलं, "यात कुठं हाय गं माझा?"

"काय सांगू म्हाताऱ्याला? सगळ्यांची टोपी सारखी, मिशी सारखी. मी बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटावर बोट ठेवलं आणि रडले. मग गावातले बी म्हणाले, हो, हो, तोच. मलाबी वाटलं, तोच असंल. रोज बघून बघून तोच झाला. खरा होता तो पुसून गेला."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. एकदम तिने माझं मनगट पकडलं.

"म्हणजे मी जित्या माणसाला हार घातला? इतकी वर्षं?"

त्यानंतर तिला चैन पडेना. तो कुणीतरी बाई-लेकरांचा माणूस असणार, आपल्या हारापायी त्याचं बरंवाईट झालं असणार, हेच ती धरून बसली. अशा गोष्टी मानू नयेत असं तिनेच मला शिकवलं होतं. मी तेच तिला परत सांगितलं तर म्हणाली, "तुझं बरोबर हाय. पण मला भ्या वाटतं त्याचं काय करू?"

फोटो आणून देणाऱ्या फौजीच्या गावाचं नाव तिच्या लक्षात होतं; फोटोतला तो कोण, हे तोच सांगू शकला असता. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीने चांदवडला गेलो आणि तिथून जीपने पुढे. फोटो मी पुठ्ठ्यात घालून मांडीवर धरला होता. पारावर त्या फौजीची चौकशी केली तर एकाने वस्तीकडे बोट केलं. जिवंत आहेत का, हे विचारायचं धाडस दोघींनाही झालं नाही. कांद्याच्या चाळीजवळून चालताना आई मागे मागे राहत होती. दारात एक म्हातारी आली. आईने आधी तिच्या कपाळाकडे पाहिलं. ठसठशीत कुंकू होतं. आईचा सुटलेला श्वास मला ऐकू आला.

फौजी आजोबा ओट्यावर खाटेवर बसले होते. वडिलांचं नाव सांगताच उठून उभे राहिले. "वहिनी, या. बसा."

मी फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. म्हातारी त्यांच्या खांद्यावरून वाकली आणि हसली.

"अगं बाई! हे तर आमचे." तिचं बोट डावीकडून तिसऱ्यावर होतं.

आईने डोळे मिटून घेतले. फौजी आजोबा म्हणाले, "मीच नेऊन दिला व्हता. म्हातारबाला म्हणलं, तुमच्या पोराच्या पलटणीचा हाय, ठेवा. त्यो नाय यात. त्यो आधीच गेला व्हता ना." मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून त्यांच्या लक्षात आलं. "तुम्ही याला कोण समजत व्हता?"

आईने हाराचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. म्हातारीचं हसू मावळलं. ती उठून आत गेली. वाटलं, आता आम्हाला हाकलणार. ती बाहेर आली ती मुठीत मीठमोहऱ्या घेऊन. त्या नवऱ्यावरून उतरायला लागली.

आई म्हणाली, "ताई, मी उतरू का? माझ्या हातनं झालंय."

म्हातारी क्षणभर थांबली. नवऱ्याकडे तिने पाहिलं, मग आईकडे. आणि मूठ आईच्या ओंजळीत मोकळी केली. आईने आयुष्यात कधी असलं काही केलं नव्हतं. म्हातारी सांगेल तसा हात फिरवत राहिली. फौजी आजोबा शाळेतल्या मुलासारखे मान खाली घालून बसले होते.

निघताना त्यांनी ट्रंकेतून एक लहानसा फोटो काढून दिला. पाण्याच्या टाकीजवळ बनियनवर उभे असलेले दोघे जण. एक ते स्वतः. दुसरे माझे वडील, लढाईच्या आधीचे. वाळवीने फोटोचा एक कोपरा खाल्ला होता आणि त्यासोबत वडिलांचा अर्धा चेहरा.

आमच्या कामात अशी अर्धी बाजू उलटी करून दुसरीकडे जोडता येते. मी कॉम्प्युटरवर जोडूनही पाहिली. स्वच्छ, दोन डोळ्यांचा, सारख्या गालांचा एक तरुण समोर आला आणि मी दचकले. हाही कुणीतरी तिसराच होता. मी तो पुसून टाकला. आईलाही दाखवला नाही. फक्त डाग काढले, कडा सावरल्या आणि अर्धाच चेहरा मोठा करून घरी आणला.

आई तो खिडकीशी घेऊन बसली. पुष्कळ वेळाने म्हणाली, "हा कान बघ. खाली घडी हाय ना, तशीच होती. आठवतंय मला."

खरंच आठवलं होतं की पुन्हा एकदा बोट ठेवलं होतं, हे मी तिला विचारलं नाही. आता ती नाही. मला अजूनही त्या प्रश्नाची भीती वाटते.