लग्नतिथीची तपासणी

तपासणीला गेले की कृष्णकांतकाका तिथला चहा घेत नसत. बाटली स्वतःची, डबा स्वतःचा. खुर्ची दिली तरी आधी स्वयंपाकघरात जाऊन चुलीमागच्या भिंतीवर बोट फिरवायचे. रोज रांधतात तिथे बोट ओशट होतं, म्हणायचे. नव्या रंगाचा वास आला की लबाडी सापडल्यासारखे खुश व्हायचे. घरीसुद्धा भाजीवाल्याचा काटा वाकून बघायचे.

मनीषनगरात ते आमचे शेजारी. सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले, पण संस्थांच्या अनुदानाची पडताळणी करायला खातं त्यांना अजून बोलवायचं. माझं एम.ए. झालं होतं, नोकरी नव्हती, स्कूटर होती. मी त्यांना नेत असे.

दिवाळीआधी आम्ही सावनेरच्या पुढे मुलींच्या एका वसतिगृहात गेलो. पंगत बसली होती, वाढायचं होतं. काकांनी एकीचं ताट उचलून उलटं केलं आणि मला दाखवलं. ‘ताराचंद बिछायत केंद्र’ असं कोरलेलं, म्हणजे लग्नकार्याला गालिचे-भांडी भाड्यानं देणाऱ्याचं. सगळ्याच ताटांवर तेच.

"ताटं किरायानं, तं पोरीबी किरायानंच असतीन," ते माझ्या कानात म्हणाले. ताट गेलेली मुलगी त्यांच्या हाताकडे बघत होती.

अधीक्षक लतिकाताई म्हणाल्या, "ताराचंदभाऊनं दान देल्ली जी, काका."

"कागद?"

"ताटाचा कोणी कागद करते काय?"

तिथून आम्ही ताराचंदकडे गेलो. दुकानापुढे टेम्पोत गालिचे चढत होते.

"देल्ली ना जी ताटं," तो म्हणाला.

"कवा?"

"लतिकाताई म्हणते तवाच."

परतताना मी म्हटलं, "काका, खरंही असेल."

"असन. तुह्या कवितेत सारे खरंच बोलत असतीन, ऋषी. पण मी अनुदान बंद लिहिलं तं पोरी उपाशी. चालू लिहिलं तं कोण जेवते, कोणाले माहीत?"

मग त्यांना सुचलं. तुळशीच्या लग्नानंतर एखादी मोठी लग्नतिथी येते. त्या दिवशी बिछायतवाल्याचं एकही ताट मागे उरत नाही, सगळी मांडवात. नेमकं तेव्हाच न सांगता जायचं. मुली त्याच ताटांत जेवत असल्या, तर दान खरं. त्यांनी कॅलेंडरवर खूण केली आणि अहवालातला अभिप्राय कोरा ठेवला.

भाऊबीजेच्या सकाळी दाढी करता करता ते कोसळले आणि गेलेच. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. मला अजून दुसरं काही दिसत नाही.

लतिकाताई भेटायला आल्या. कौसल्याकाकूंजवळ बसून खूप रडल्या. निघताना दारात मला हळूच म्हणाल्या, "रिपोर्टात काय लिहिलं गा काकांनी?"

मुलींसाठी विचारत होत्या, की स्वतःसाठी? मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिलो. पूर्वी मी कोणाकडे असा बघत नसे.

काल खात्यातून फोन आला. अभिप्राय नसेल तर अनुदान थांबेल.

आज ती तिथी. सकाळपासून हुडकेश्वरच्या बाजूने बँड ऐकू येतो आहे. काकूंनी सवयीनं बाटली भरून ओट्यावर ठेवली आहे. मी जाऊन बघेनही, पण माझ्या बघण्याला सही नाही.

मुली आज कशात जेवतात, ते काकांचं बघायचं राहून गेलं.