रेडिएटरमधली हळद

भीमराज मिस्तरीवर मी दोनदा चिडलो, आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती. बाभुळगावात मी वकिली करायचो. माझी विलायती मोटार, सन अडतीसची, कायम आजारी. तिच्यावर हात चालायचा तो फक्त भीमराजचा. कापसाच्या जिनिंगमधल्या इंजिनाला तेल घालता घालता तो हे काम शिकला होता. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हापासून त्याने जातीने लादलेली गावकीची कामं साफ सोडली. कुणाच्या ओट्याखाली उभं राहून बोलणंही सोडलं.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात रेडिएटर गळायला लागला. भीमराज म्हणाला, "साहेब, खोलून भेग कथलानं झाळून घ्या लागन. चार दिवस गाडी ठेवा माह्यापाशी."

चार दिवस मोटारीशिवाय? मी चिडलो. कुठल्याशा ट्रकवाल्याने मला सांगितलं होतं, पाण्यात मूठभर हळद टाकली की गळती बुजते. खरंच बुजली! मग दर आठवड्याला बायकोच्या डब्यातून मूठ मूठ टाकत गेलो. भीमराजला पत्ता लागू दिला नाही, वर स्वतःच्याच हुशारीवर खूश.

जूनमध्ये त्याच्या बहिणीला, जयाला, नर्सच्या शिक्षणासाठी यवतमाळहून मुलाखतीचं बोलावणं आलं. सकाळी साडेदहा. उशीर झाला तर वर्ष गेलं. "बसच्या भरवशावर कशाला राहता? मी कोर्टात जातोच आहे, चला," असा आग्रह मीच केला.

त्या दिवशी तिघं मोटारीने निघालो. अर्ध्या वाटेत रेडिएटरच्या टोपणातून वाफ उसळली. इंजिन निवेपर्यंत भीमराज मोटारीभोवती येरझाऱ्या घालत राहिला. मग त्याने खालची नळी काढली, तर चिखलासारखी पिवळी घाण बाहेर आली.

"हळद टाकली काय साहेब?"

मी खाली बघत हो म्हटलं.

"धुवा लागन. वीस-पंचवीस बादल्या पाणी पायजे."

साडेनऊ होत आले होते. जया धड मोटारीत बसेना, धड उतरेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची.

रस्त्यालगतच किसनरावांचं शेत आणि विहीर. ते माझे पक्षकार. बादली-दोर त्यांनी लगेच दिला, पण भीमराज पुढे होताच आडवे झाले. "वकीलसाहेब, तुमी लागन तेवढं पाणी घ्या. पन याले विहिरीवर चढू देऊ नोका."

अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा होऊन चार वर्षं झाली होती. कलमं मला तोंडपाठ. भीमराज माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी म्हणालो, "जाऊ दे रे. वाद घालत बसलो तर मुलाखत हुकेल. मीच शेंदतो."

जन्मात कधी पाणी शेंदलं नव्हतं. दोर हातातून सटकायचा, बादली अर्धीच वर यायची, मोटारीपर्यंत धावताना त्यातलीही निम्मी सांडायची. भीमराजने अर्ध्या तासात उरकलं असतं. मला सव्वा तास लागला. घड्याळ बघायची हिंमत होईना. "जरा लवकर हात चालव ना!" मी उलट त्याच्यावरच ओरडलो. त्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत रेडिएटर धुतला, भेगेत साबण दाबून बसवला, नळी आवळली. हँडल मारताच इंजिन सुरू झालं.

पोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. कारकुनाने यादी बंद केलेली. मी विनवण्या केल्या, नियम सांगितले, आवाज चढवला. इथे मात्र माझं तोंड चाललं! उपयोग शून्य. जया भिंतीकडे तोंड करून रडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी उशीर नको म्हणून मुलाखतीच्या आदल्या दिवशीच सकाळी मी मोटार घेऊन त्यांच्या दारात गेलो. भीमराज भाकरीचं गाठोडं बांधत होता.

"अरे, बसचा भरवसा नाही म्हणून चालत निघालात? रेडिएटर तूच तर झाळून दिलास. आता इंजिन तापायचं नाही."

"गाडी चांगली हाय साहेब. माहीत हाय मले."

"मग?"

"रस्त्यात पाणी लागलं तं तुमी काय बोलान, ते बी माहीत हाय."

जयाने चपला घातल्या आणि दोघं चालू लागले.