दोन डॅशवाले फोरमन

संगणकावर उभं आयुष्य काढलेल्या या माणसाला मी पाच वर्षांत एकदाही माउसला हात लावताना पाहिलं नाही. टेबलाच्या कोपऱ्यात तो बिचारा पालथा पडलेला असे. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, पुढे डॅश देऊन एखादं अक्षर लिहायचं, की नेमकं काय करायचं ते यंत्राला कळतं. फोरमनचं जग तेवढंच. पोलाद कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त होऊन ते भिलाईच्या आमच्या छोट्या कंपनीत करारावर आले. फोरमन ते कधीच नव्हते, पण दरारा तसा होता, म्हणून नाव पडलं.

आजूबाजूच्या कारखान्यांसाठी आम्ही लहानसहान सॉफ्टवेअर लिहायचो. त्यातल्या प्रत्येक कमांडची अक्षरं फोरमन ठरवत. रोजच्या कामाला एक डॅश आणि एक अक्षर. ज्यानं काही पुसलं जाईल त्याला मात्र दोन डॅश आणि अख्खा शब्द. बारशालाही कोणी एवढा घोळ घालत नसेल. एकदा एका अक्षरावर त्यांनी दोन दिवस घालवले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, पहिलंच बरं होतं. मी वैतागून विचारलं, लोकांना जास्त टाइप करायला लावून मिळतं काय? ते म्हणाले, "हात सवयीनं चालते बाबू, डोकं मांगून येते. डोक्याले पोचाले वेळ ठेव."

मला तो म्हातारपणीचा चाळा वाटे. कुम्हारीच्या एका चुनाभट्टीसाठी तापमानाच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर मी लिहिलं, त्यात नोंदी दाखवायला एस आणि पुसायला डी ठेवला. फोरमननी कागदावर तो डी खोडून पुढे अख्खा शब्द लिहून दिला. ते दोन दिवस रजेवर गेले, तेवढ्यात मी माझा डी तसाच ठेवून काम देऊन टाकलं. शहाणपणा नुसता उतू जात होता.

एस आणि डी कीबोर्डवर शेजारी. वर्षभरानं तिथल्या ऑपरेटर साहूबाईंचं बोट एक घर सरकलं आणि तोवरच्या सगळ्या नोंदी गेल्या. दुसरी प्रत कोणी ठेवली नव्हती. मालक बाईंना काढायला निघाला. त्यांच्या एकटीच्या पगारावर घर चालत होतं.

फोरमननी मला आपल्या मोटरसायकलवर मागे बसवलं आणि कुम्हारी गाठली. मालक तावातावानं बोलत होता, साहूबाई दाराशी खाली मान घालून उभ्या होत्या. त्याचं बोलून झाल्यावर थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग फोरमन म्हणाले, "बाई की गलती नहीं है. बटन हमने गलत जगह लगाया. मैंने लगाया." मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.

साहूबाईंची नोकरी राहिली. आमचं गिऱ्हाईक मात्र गेलं आणि महिनाअखेर फोरमनचा करार वाढवला नाही.

आता कंपनीत कमांडची अक्षरं मी ठरवतो. पुसायच्या कामाला दोन डॅश आणि अख्खा शब्द, यात तडजोड नाही. नवी मंडळी माझ्या पाठीमागे हसतात. हसू देत. फोरमनइतका नेक माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि ते गेल्यावर हे लिहितोय याचं वाईट वाटतं.

करार संपल्यावर मी त्यांच्या घरी गेलो होतो. अंगणात बसून ते मटार सोलत होते. मी म्हणालो, काका, तो डी माझा होता.

"मले माहीत आहे ना. म्याच तं खोडला होता."

"मग तुमी कावून आपल्या अंगावर घेतलं?"

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली.

"तू बोलशीन म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले. "तू बोलला नाही, मंग मी बोललो."

आवाजात जराही राग नव्हता. मग त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.