आर्नहेममधली तोंडी परीक्षा

आर्नहेमला लोक जंगल आणि संग्रहालय बघायला जातात. मी एक वाक्य बोलायला गेलो, तेही पोलिशमध्ये.

दादा ऐंशीच्या दशकात सरकारी शिष्यवृत्तीवर पोलंडला इंजिनिअरिंग शिकला. तिथे परदेशी विद्यार्थ्याने आधी वर्षभर भाषा शिकायची आणि मग सगळी पदवी पोलिशमध्येच करायची. ज्या गावात तो ती शिकला, त्याच्या स्पेलिंगवरून आपण 'लोड्झ' वाचतो आणि ते म्हणतात 'वूच'. पुढचं सगळं असंच. त्याच्या शिक्षिका पानी हालिना, म्हणजे हालिनाबाई, आता आर्नहेमला मुलीकडे असतात. दादा पुण्याहून दर शनिवारी त्यांना फोन करायचा. फेब्रुवारीत त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि फोन थांबले.

त्यांची मुलगी अगाता मला फोनवर म्हणाली, "मी सांगितलं, पण आई ऐकत नाही. म्हणते, घरचा माणूस येऊन सांगेल तेव्हा खरं."

"इंग्रजीत सांगू?"

"कळतं तिला. पण तिच्या वर्गात पहिल्या दिवसापासून फक्त पोलिश. अजून तसंच."

तिने वाक्य पाठवलं. 'मूय ब्रात न्ये झिये.' माझा भाऊ जिवंत नाही. आठवडाभर घोकलं. या लोकांकडे एकच झेड तीन प्रकारचा आहे: साधा, डोक्यावर टिंब असलेला आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला. शंभराहून अधिक वर्षं त्यांचा देश नकाशावर नव्हता, शाळांतून भाषा हद्दपार झाली, तरी लोकांनी ती घराघरांत जपली. आदर आहे. पण जपताना एखादा झेड गाळला असता तर काय बिघडलं असतं?

आम्ही राहतो त्या बुइटनव्हेल्डर्टहून झुइड स्टेशन जवळ. तिथून आर्नहेमला थेट गाडी आहे, तासाभराचा प्रवास. पण शनिवारी रुळांची कामं निघतात, हे निघण्यापूर्वी ॲपवर बघा. मी बघितलं नाही. मध्येच उतरवून बसमध्ये कोंबलं. बदलाबदलीत प्रवासाचं कार्ड यंत्राला टेकवायचं राहिलं आणि जादा पैसे कापले गेले. आर्नहेमला वरच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस आहे आणि चक्क चढ आहेत. या सपाट देशात डच सायकलवाले धापा टाकताना बघून जरा बरं वाटलं.

दार उघडल्यावर मी बाहेरूनच हात पुढे केला. बाईंनी घेतला नाही.

"आधी आत ये," अगाता पुटपुटली. "उंबऱ्यावरून हात मिळवला की भांडण होतं म्हणतात."

मग जेवण. पिएरोगी, म्हणजे बटाटा आणि पनीरसारखं चीज भरून उकडलेल्या करंज्या. बाई वाढत राहिल्या, मी नको म्हणत राहिलो, त्या वाढत राहिल्या. बशा उचलल्यावर त्या समोर ताठ बसल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या.

मी वाक्य म्हटलं.

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "येश्चे राझ."

"पुन्हा म्हण, म्हणते," अगाता म्हणाली. "तुझा झ मऊ पडतोय. आई, पुरे!"

मला संताप आला. एवढ्या लांबून हे सांगायला आलोय आणि ही बाई उच्चार तपासतेय! दुसऱ्यांदा मी जवळजवळ ओरडलोच. त्यांनी बोटाने टेबलावर हलकेच टकटक केली. तिसऱ्यांदा माझा आवाज फुटला, पण झ बरोबर आला असावा.

"दोब्झे," त्या म्हणाल्या. छान. "त्रूय्का स प्लुसेम."

"तीन अधिक. म्हणजे साडेतीन, पाचपैकी. दोनला नापास," अगाता म्हणाली. बाईंनी माझा हात धरला होता. मी निघेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

परतीची गाडीही उशिरा. माझी शिफारस विचाराल तर ट्रॉलीबस आणि पिएरोगी. शनिवार टाळा.

रविवारी पुण्याला आईला फोन केला. गाड्या, उंबरा, गुण, सगळं सांगितलं.

"वाक्य काय होतं रे?"

मी पोलिशमध्ये म्हटलं.

"म्हणजे?"

"दादा जिवंत नाही."

आमच्या घरात 'त्याचं असं झालं' यापलीकडे तोवर कुणी गेलं नव्हतं.

"किती दिले म्हणालास? साडेतीन?"

"हो."

"पाचातले? कंजूष आहे बाई," आई म्हणाली, आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा माझ्याजवळ रडली.