बारा माग, एक ठोका

चैत्रातल्या एका मंगळवारी दुपारी सव्वातीनच्या सुमारास आमच्या कारखान्याचा वरचा मजला एका बाजूने कोसळला. पाच माग खाली आले. दोन माणसे मेली. सन तीसनंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही हकिगत. जागा सोलापूरचा पूर्व भाग.

वर लाकडी मजल्यावर बारा यंत्रमाग होते. एक माझा, शेजारचा माझ्या थोरल्या भावाचा. खाली बायका कांड्या भरत, म्हणजे आडवे सूत नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळत. त्यांत माझी भावजय होती. तिची जागा भावाच्या मागाच्या बरोबर खाली.

मागांची देखभाल करणारा जॉबर जुन्या विणकर घराण्यातला होता. त्याने शिट्टी वाजवली की बाराही जणांनी माग सुरू करायचा दांडा एकदम ओढायचा. इंजिनाचा पट्टा घसरून एखादा माग मागे पडू नये म्हणून तो पट्ट्यांना रोज राळ लावी. बारा मागांचा एकच ठोका ऐकू आला पाहिजे, हा त्याचा नियम. एखादा माग अडखळला तर कोणता, हे तो पाठमोरा असताना सांगे. गल्लीतले म्हातारे विणकर समोरच्या ओट्यावर बसून तो ठोका ऐकत.

प्रत्येक मागावरची, आडवे सूत ठोकून बसवणारी जड फणी सेकंदाला दोनदा पुढे-मागे जाई आणि दोन्ही टोकांना वळताना मागाला हिसका देई. मजल्याचीही डुलण्याची स्वतःची लय होती आणि ती फणीच्या लयीशी जवळजवळ जुळत होती. झोका परत येईल तेव्हाच बोट लावत गेले तर नुसत्या बोटानेही तो उंच जातो. इथे बारा फण्या एकाच क्षणी बोट लावत होत्या. हे मला पुढे, वर्तमानपत्रात नोकरीला लागल्यावर, एका विज्ञानशिक्षकाने समजावले. त्या वेळी दिसे ते एवढेच: तांब्यातले पाणी उसळे, तुळयांची टोके भिंतीच्या खोबणीत आत-बाहेर सरकत आणि जेवायला बसलेल्या भावजयीच्या केसांत माती असे.

भावाने जॉबरला दोनदा सांगितले होते. दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर.

"अण्णा, खाली बायका हायेत. तुळई सुटली तर?"

"तुझ्या बापानं मेंढरं हाकली. तू मला माग शिकवणार व्हय रे?"

"हाकली की. पण फळीवरनं मेंढरं येगयेगळी पावलं टाकत्यात. फळी ऱ्हाती. तुमी बारा माग एका पावलात नाचवताय."

लोक हसले. जॉबर हसला नाही.

त्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर जॉबर इंजिनाकडे गेला होता. भावाने पाच जणांना राजी केले. आम्ही उरलेल्या सहा जणांनी माग सुरू केले आणि आमच्या फण्या पुढे येतील तेव्हा त्यांच्या मागे जातील, असा क्षण पाहून भावाने आणि त्या पाच जणांनी दांडे ओढले. मजला स्थिर झाला. तांब्यातले पाणी हलेना. हे सुमारे वीस मिनिटे चालले.

जॉबरला जिन्यातच दुहेरी ठोका ऐकू आला. त्याने वर येऊन धोटा मारायचा सुटा दांडा उचलला आणि भावाच्या डोक्यात घातला. भाऊ मागावर पडला. दुसरा वार खांद्यावर, तिसरा बोटांवर. ताण्याच्या सुतावर रक्त सांडले.

"सूत नासलं बघ," जॉबर म्हणाला. मग आमच्याकडे वळला. "ज्याला उद्या काम नको, त्यानं आत्ता उतरावं."

कोणी उतरले नाही. भाऊ तेवढा भिंत धरत जिना उतरला. त्याचा माग जॉबरने स्वतः धरला. सगळे माग थांबवायला लावून त्याने शिट्टी वाजवली. मीही दांडा ओढला.

खाली भाऊ भावजयीला म्हणाला, "ऊठ."

"आगं बया, डोस्क्याला काय झालं? थांबा, एवढी कांडी भरती."

त्याने तिचे केस धरून तिला ओढले. ती ओरडली, त्याला चावली. दुसऱ्या दोघींना त्याने लाथा घातल्या. त्या शिव्या देत अंगणात पळाल्या. एक म्हातारी चरख्याला घट्ट धरून बसली. "माझ्या अंगाला हात लावशील तर बघ," ती म्हणाली. तिच्यापाशी तो थांबला नाही.

वर माझ्या पायाखालची फळी उताराला लागली. तुळई खोबणीतून निसटली तेव्हा बंदुकीसारखा बार झाला. भावाचा माग आधी गेला, जॉबरसकट. माझा तुटलेल्या काठावर राहिला. पट्टा तुटून माझ्या दुसऱ्या बाजूच्या विणकराच्या तोंडावर बसला. त्याचे पुढचे दात गेले. इंजिन बंद करायला कोणी नव्हते, त्यामुळे उरलेले सात माग चालूच राहिले आणि ठोका गल्लीत ऐकू येत होता.

म्हातारी मागाखाली सापडली. जॉबर दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यात वारला. भाऊ आणि भावजय दाराच्या चौकटीत होती. तुळईचे टोक तिच्या डाव्या हातावर आले. हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी तो बसवला. सरळ झाला नाही.