धुऱ्यावरची बोर

निकाल लागला त्या दिवशी आमच्या वावरात वखरणी चालू होती. अंगावर गुलाल, आणि आमचे हे वखराच्या मागे. लोक हार घेऊन धुऱ्यावर ताटकळत उभे. हातातली ओळ पुरी झाली, मगच हे खासदार झाले.

धुऱ्यापलीकडचं वावर चुलत दिराचं. मधला बांध कोणी कोणाकडे सरकवला, यावरून दर पेरणीआधी दोघे भाऊ घसा बसेपर्यंत भांडायचे आणि संध्याकाळी आमच्याच ओट्यावर चहा प्यायचे. नवी नवरी होते तेव्हा मी घाबरले होते. मग सवय झाली.

हे दिल्लीला गेले आणि भांडण बंद पडलं. दिरानं पहिल्याच वर्षी हात-दीड हात आमच्यात नांगरलं. हे गप्प. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. मी भडकले.

"तिकडं साऱ्या देशासाठी बोलता, इथं काऊन मूग गिळून बसले?"

"खासदार भांडला त लोक म्हनतील, माज आला."

मग यांनी अक्कल चालवली. दिराशी बोलायला पीए पाठवला. इस्त्रीचे कपडे, हातात फाइल. दिरानं त्याला पाणी दिलं, "साहेबाले नमस्कार सांगा" म्हणाला, आणि त्या वर्षी धुऱ्यावरची बोर त्याच्या सोयाबीनच्या मधोमध उभी राहिली. झाड काही चालत गेलं नव्हतं.

चहाला येणं तर त्यानं केव्हाच सोडलं होतं. हे गावी आले की ओट्यावर माणसांची रीघ लागायची, आणि यांची नजर रस्त्यावर. तो यायचा नाही. यांना ते लागायचं, मला दिसायचं.

पुढच्या निवडणुकीत हे पडले. दुसऱ्या दिवशी अंगणात कुत्रंसुद्धा नव्हतं. यांनी फावडं उचललं आणि निघाले. मीही पदर खोचून मागे. इतक्या वर्षांच्या शिव्या माझ्या तोंडपाठ होत्या.

"काऊन बे, हे बोरीचं झाड कोनाच्या वावरात आहे?" हे लांबूनच ओरडले.

दिरानं ट्रॅक्टर बंद केला. "आला का दादा? दर साली बांध सरकवून पाह्यला. म्हटलं, आता तरी शिव्या द्याले येशीन. तू त मानूस पाठवला, भावाशी बोलाले! मी काय तुहा नुसता मतदार आहो?"

मला रडूच फुटलं. शिव्या राहून गेल्या.

दुपारपर्यंत दोघे भांडले. साऱ्या शिवारानं ऐकलं. चहा मी तिथंच नेला. धुरा कुठे ते अजून ठरलं नव्हतं, म्हणून बोरीखाली ठेवला.